दारातून दिसणारी खोली

६ जानेवारी

प्रिय काका,

आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी, मग तुझी. कानांची करत नाही. ते धड असते तर तू फोनवर बोलला असतास आणि मला या वयात पोस्टाच्या रांगेत उभं राहावं लागलं नसतं.

बातमी अशी की तुझ्या पुतणीला सिनेमा मिळाला. दुसऱ्याच्या हाताखाली धावपळ करायचा नव्हे, स्वतःचा. मीच लिहिला, मीच करणार. सांगताना अजून उगाच हसू येतं. तुला डोक्यावर चढवून ठेवायची इच्छा नाही, पण एकदा सांगते, हे तुझ्यामुळे झालं. बाबा गेल्यावर तू मला सुट्टीच्या दिवशी स्टुडिओत न्यायचास, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून डोळ्यापुढे धरायला लावायचास आणि विचारायचास, "आत काय ठेवशील, बाहेर काय टाकशील?" माझं खरं शिक्षण तेवढंच. पुढे सिनेमाच्या शाळेत सरांनी तू सेट उभारलेल्या सिनेमातली आजारी म्हातारीची खोली दाखवली, आरशात नुसता हात दिसतो ती, तेव्हा मी वर्गात मान ताठ करून बसले होते.

आता विषय ऐक, आणि आधी खाली बस. एक खोली आणि एक दुपार. आपल्या जुन्या घरातली आतली खोली आणि बाबा गेले ती दुपार.

रागावू नकोस. हे मी आईसाठी करते आहे. ती माझ्याकडे राहायला आल्यापासून बघते, घरात कुणी खुर्चीवर टेकलं की ती उठते आणि छोटं टेबल, स्टूल, जे सापडेल ते त्याच्या हाताशी सरकवते. त्यावर पाणी, चष्मा, पेपर. पाहुण्यांना कौतुक वाटतं. मला रडू येतं. बाबांच्या छातीत कळ आली, जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी दाराशी स्टुलावर, बाबा पलंगावर, आई औषधाच्या दुकानात. त्या संध्याकाळी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, "डबी हाताशी ठेवायला काय झालं होतं हिला?" मी आठ वर्षांची होते, दाराआड उभी होते. आई तेव्हा गप्प बसली ती आजतागायत गप्प आहे. तिच्याकडून चूक झाली असेल तर ती एका दमलेल्या बाईची चूक होती, एवढं तिला एकदा पडद्यावर दिसू दे, असं मला फार वाटतं.

सेट उभा राहिलाय. फोटो सोबत आहे. चुका काढ, पण माणसासारख्या काढ.

तुझी,
खारू


१४ जानेवारी

खारूबाई,

गुडघे म्हणतात आम्ही ठीक आहोत, मालकाचं काय ते बघा. मालक तुझं पत्र वाचून दिवसभर कुणाशी बोलला नाही. तसाही इथे बोलायला कोण आहे म्हणा.

सिनेमा मिळाला, छान झालं. विषय आवडला नाही. घरातली गोष्ट घरातच बरी असते. वहिनीला त्या खोलीत परत कशाला ओढतेस? तिच्या डोक्यातून जात असलेलं तू पाहुणचार करून परत बसवते आहेस. आत्याचं बोलणं मनावर घेऊ नकोस, तिची जीभ जन्मापासून तशीच आहे. मी वहिनीला तेव्हाच म्हटलं होतं, जाऊ दे, माणूस आहे, विसरतो. एका शब्दाने मी कधी तिला दोष दिला नाही.

पण तू ऐकायची नाहीस, बापावर गेलीयस. तेव्हा फोटोबद्दल.

बघून डोळे मिटावेसे वाटले. भिंत इतकी स्वच्छ, जणू काल कुणी राहायला येणार होतं आणि आलंच नाही. कॅलेंडर बरोब्बर मधोमध. घड्याळ, आरसा, कपाट, खिडकी, सगळे एकदम बोलतायत, त्यामुळे एकाचंही ऐकू येत नाही. फ्रेममध्ये ठेवलेली वस्तू काहीतरी म्हणत असते, बाई. एकीला बोलू द्यायचं, बाकीच्यांना गप्प करायचं. निम्मं काम गप्प करण्याचंच आहे.

तुझा बाप कॅमेरामन, त्याला वाटायचं उजेड म्हणजेच सिनेमा. माझ्या सेटवर यायचा, खिशात हात घालून उभा राहायचा आणि म्हणायचा, "अरे, ही खोली नाही, फर्निचरचं दुकान आहे. इथे कुणी राहिलेलं नाही, कुणी मेलेलं नाही." सगळ्या युनिटसमोर. लोक हसायचे. मीही हसायचो. एकदा दिग्दर्शकाने ते मनावर घेतलं आणि मला सिनेमातून काढलं. दादाला वाईट वाटलं असावं, त्याने मला घरी जेवायला बोलावलं होतं.

खोली खरी कशी होती असंही तू विचारशील. मी त्या दिवशी स्टुडिओत होतो हे तुला ठाऊक आहे. निरोप मिळून पोहोचलो तोवर अंधारत आलं होतं, दादाला बाहेरच्या खोलीत आणलं होतं. आत मी पाऊलही टाकलं नाही. तेव्हा खोली कशी होती ते मला विचारू नकोस. कशी दिसायला हवी ते विचार.

तुझा,
काका


२५ जानेवारी

प्रिय काका,

जेवायला बोलावल्याचं मला माहीत नव्हतं. बाबांनी तुझा असा पाणउतारा केला हेही नव्हतं. आई म्हणते ते घरी आल्यावर तुझं कौतुकच करायचे. तोंडावर करायला काय झालं होतं कोण जाणे.

आता कामाचं. भिंत मळवली. कॅलेंडर फेकून दिलं. घड्याळाला गप्प केलं. आमचा कॅमेरामन, त्याच्या जाड चष्म्यामुळे त्याला सगळे ढापण्या म्हणतात, तो म्हणाला, "तुमच्या काकांना विचारा, की मला पण गप्प बसवायचंय का." तुझी कीर्ती पोहोचली आहे.

तरी शॉट उभा राहत नाही. पलंग होता तसाच भिंतीशी आहे. कॅमेरा मी बाबांच्या उशाशी लावते, त्यांच्या खांद्यावरून बघते. समोर लांब दार, दाराशी स्टूल, स्टुलावर डबी. हात पुढे येतो, पोचत नाही. सगळं बरोबर आहे आणि काही म्हणजे काही होत नाही. मधली नुसती फरशी दिसते. बघणाऱ्याने खुर्चीतून पुढे झुकायला हवं, तर तो शांतपणे बघत राहतो. दोन दिवस याच्यावर डोकं आपटतोय.

आईला सिनेमाचं सांगितलं. "बरं," म्हणाली आणि माझ्या हाताशी पाण्याचा पेला सरकवला.

शूटिंग मार्चच्या सुरुवातीला आहे. नवे फोटो पाठवते. तुला बरं नसेल तर राहू दे, पण नसेल तरी लिही.

तुझी,
खारू


१ फेब्रुवारी

खारे,

सगळं चूक आहे! दोन रात्री झोप नाही मला. तुझे फोटो उशाखाली घेतले तर उशी टोचते.

कॅमेरा उशाशी का? मरणाऱ्याच्या डोळ्यांनी बघून काय मिळणार, त्याला नुसती डबी दिसते. आणि पलंग भिंतीशी चिकटवून तू खोलीचा जीवच काढून घेतलास. सोबत चित्र काढून पाठवतो, त्याप्रमाणे कर, एक बोटभर इकडेतिकडे नको.

पलंग खिडकीखाली ने. डोकं कपाटाच्या बाजूला. पडदा एका कडेने वर घेऊन सेफ्टीपिन टोच, घाईत टोचतात तशी वाकडी, म्हणजे उजेडाचा पट्टा पलंगाच्या मधोमध पडेल. कपाटाचं आरशाचं दार अर्धवट उघडं. कुणीतरी बाहेर जाताना शाल काढली आणि तसंच सोडून गेलं. आता कॅमेरा उचल आणि दाराच्या उंबऱ्यावर ठेव. आत जाऊ नकोस. उंबऱ्यावरच.

बघ काय होतं. कपाटाच्या आड त्याचा चेहरा गेला. चेहरा हवा कुणाला? आरशात फक्त हात उरला, उजेडात. आणि कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात, जरा डावीकडे, स्टूल. डबी इतकी जवळ की बघणाऱ्याला वाटावं, मीच उचलून देऊ शकतो. झाकण खिडकीच्या दिशेने कर, चमकेल. पुढे डबी एवढी मोठी, मागे हात एवढासा. आता मधलं अंतर फरशीवर राहिलं नाही, ते बघणाऱ्याच्या छातीत आलं. तुझी तक्रार होती ना काही होत नाही म्हणून? वस्तू माणसाच्या हाताला सोयीची ठेवायची नसते, बघणाऱ्याच्या डोळ्याला सोयीची ठेवायची असते. हे मला फार उशिरा कळलं, पण कळलं तेव्हा पक्कं कळलं.

आणि नटाला सांग, घाई नको. हात एकदम पडत नाही. आधी बोटं उघडतात. मग मनगट वळतं आणि तळवा वर होतो, कुणीतरी काही देणार आहे अशा भरवशाने. मग बराच वेळ तसाच राहतो. तोवर कट म्हणू नकोस. लोक नेमके तिथेच घाई करतात.

कळव कसं झालं ते. रोज पोस्टमनची वाट बघतो आहे.

तुझा,
काका


१२ फेब्रुवारी

प्रिय काका,

झालं. तू सांगितलंस तसं सगळं लावलं, नटाला पलंगावर झोपवलं आणि मी उंबऱ्यावरून भिंगातून बघितलं. मागे वीसेक माणसं होती, सुतार, लाइटवाले, चहावाला. कुणी खोकलं नाही. नटाचा तळवा वर झाला तेव्हा मेकअपवाली बाई उठून बाहेर गेली. काका, तू जादूगार आहेस.

ढापण्या एवढंच म्हणाला, "ही तर तुमच्या काकांच्या सिनेमातलीच फ्रेम आहे." बघितलं तर खरंच की. म्हातारीच्या जागी बाबा, पुढ्यातल्या समईच्या जागी डबी. म्हटलं, असू दे, काकाने स्वतःचा दागिना पुतणीला घातला.

पण एक गोष्ट झाली आहे आणि ती मला तुला विचारायलाच हवी.

काल आईला सेटवर आणलं. भिंतीचा रंग जमलाय का एवढंच तिला विचारायचं होतं. ती दारापर्यंत आली आणि तिने चौकट धरली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पलंग खिडकीखाली कुणी नेला?" मी म्हटलं, काकाने चित्र पाठवलं. "आणि पिन?" म्हटलं, तीपण त्यानेच. तिने चौकट सोडली आणि ती गाडीकडे वळली.

परत येताना गाडीत तिने सांगितलं. तो पलंग सगळा जन्म भिंतीशी होता. त्या एका सकाळी बाबांनी उजेड मागितला. मी शाळेत गेल्यावर आईने तो एकटीने ढकलत खिडकीखाली नेला, पडदा वर घेऊन पिन टोचली. दुपारी बाबा गेले. संध्याकाळी शेजाऱ्यांनी खोली मोकळी केली, पडदा काढला, पलंग सुटा करून मागे ठेवला. "ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही," म्हणाली. "पलंग हलवला म्हटलं असतं तर स्टूल मागे विसरलीस का, असं विचारलं असतं."

मलासुद्धा माहीत नव्हतं, म्हणून तर मी भिंतीशी लावला होता. मग तुला कसं कळलं? शेजारच्या काकूंनी सांगितलं असेल का? काहीतरी साधंच असेल, मला खात्री आहे. तरी लवकर लिही. आई कालपासून जेवली नाही.

तुझी,
खारू


१७ फेब्रुवारी

प्रिय खारू,

पत्र मिळालं. एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ केलास! ढापण्या का कोण तो, त्याने उत्तर दिलंच आहे की. मी माझ्याच सिनेमातली मांडणी तुला दिली. खिडकीखाली पलंग ठेवायला काय अक्कल लागते? जगातले निम्मे पलंग खिडकीखाली असतात. पिनही आली त्यातूनच. आणि शेजारच्या बाई तेव्हा काही बोलल्या असतील तर तेही असेल, इतक्या वर्षांनी कुणाला आठवतं.

वहिनीचं वय झालं. तिला काल जेवलेलं आठवत नाही आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा पलंग आठवतो? तू दाखवलंस ते बघून तिला तसं वाटलं. डोळ्यांना दाखवलं की मन मागाहून साक्ष देतं, आपल्या धंद्याची सगळी कमाई त्यावरच आहे. तिच्या बोलण्यावर जाऊ नकोस. तिला सेटवर परत आणू नकोस.

विचार केला तर मला आता तुझी मूळची मांडणी बरी वाटते. पलंग भिंतीशी, कॅमेरा उशाशी. साधी आहे, पण प्रामाणिक आहे. माझं चित्र परत पाठव, त्याची दुसरी प्रत मी ठेवलेली नाही. शूटिंगला मी स्वतः येतो. गुडघ्यांचं बघून घेईन. तोवर ती खोली मोडून ठेव.

जेवत जा. आईलाही जेवायला घाल.

तुझा,
काका


२ मार्च

ती. काकांस,

तुमचं म्हणणं पटलं. आईला समजावलं आहे, ती आता जेवते.

खोली मात्र मोडली नाही. युनिट ऐकेना, सगळे त्या फ्रेमच्या प्रेमात पडले आहेत. फक्त एक अडचण झाली. मधे सेट धुतला तेव्हा वस्तू हलल्या आणि आता स्टुलाचं जमत नाही. काहीतरी बिनसलंय, पण काय ते माझ्या डोळ्याला कळत नाही. तुम्ही येताच आहात तर तुम्हीच बघा. आठ तारखेला सकाळी गाडी स्टेशनवर पाठवते.

खारू


१२ मार्च

काका,

तुम्ही कुणाचा निरोप न घेता गेलात. म्हणून मीच लिहिते. त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण ते मला दिसलं तसं तुम्ही वाचावं असं वाटतं.

आधीच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. स्टूल जमत होतं. मी ते मुद्दाम चार बोटं उजवीकडे ठेवलं आणि डबीचं झाकण भिंतीकडे फिरवलं. आईची खुर्ची मी दिव्यांच्या मागे ठेवली होती. ढापण्याला सांगितलं होतं, काहीही झालं तरी कॅमेरा बंद करायचा नाही. बाकीच्यांना सांगितलं होतं, कुणी हलायचं नाही.

हे मी का केलं? तुमचं पत्र आल्यावर मी आणि ढापण्याने कॅमेरा त्या खोलीभर फिरवला. आरशात हात दिसेल आणि चेहरा दिसणार नाही अशी जागा एकच आहे, उंबरा. तुम्ही म्हणता सिनेमातून खोली आली. तुमचा सिनेमा बाबा गेल्यावर वर्षाने आला. त्यात वाकडी पिन आहे, मी परत जाऊन बघितली. आईने टोचलेली पिन तुमच्या सिनेमात कशी गेली? आणि कपाटाचं दार. आई म्हणते, औषधाच्या दुकानात जाताना तिने शाल काढली आणि दार तसंच राहिलं. ते सकाळी उघडं नव्हतं आणि संध्याकाळी शेजाऱ्यांनी लावून टाकलं. ते अर्धवट उघडं बघायला माणूस दुपारीच उंबऱ्यावर उभा असावा लागतो.

तरीही माझं मन मानत नव्हतं. तुम्हीच मला बघायला शिकवलंत. मी देवाशपथ सांगते, तुम्ही येऊन खुर्चीवर नुसते बसून राहावं म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही बसून राहिला असतात तर मी ती पत्रं फाडून टाकली असती आणि आईला म्हातारी म्हटलं असतं.

शॉट सुरू झाला. नटाची बोटं उघडली. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही आधी मान डावीकडे कलती केलीत. मग मांडी हलायला लागली. मग तुम्ही उठलात. काठी न घेता उठलात, काका, ज्या गुडघ्यांची मी तुमच्याही आधी चौकशी करते त्या गुडघ्यांवर. सरळ फ्रेममध्ये गेलात. स्टूल ओढलं नाहीत, दोन्ही हातांनी अलगद उचललंत, आवाज होऊ नये म्हणून. पलंगावर माणूस झोपलेला असताना उचलतात तसं. चार बोटं डावीकडे ठेवलंत. झाकण खिडकीकडे केलंत. आणि मागे न बघता उलटी पावलं टाकत उंबऱ्यावर येऊन थांबलात, कॅमेऱ्याला खेटून. तळवा वर झाला तो तुम्ही तिथून बघितलात. तुमच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगणार नाही. मला ते विसरायचं आहे.

तेव्हा आई बोलली. "भाऊजी, मी ते पलंगाशीच ठेवलं होतं."

तुम्ही वळून "काय?" म्हणालात. तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं. जन्मभर जी बाई याविषयी कुणाशी बोलली नाही, तिला ते सगळ्या युनिटसमोर ओरडून सांगावं लागलं. "मी स्टूल पलंगाशी ठेवलं होतं! निघायच्या आधी त्यांनी त्याच स्टुलावरचं पाणी हात लांबवून घेतलं होतं! मी विसरले नव्हते!" दोनदा सांगितलं. तुम्ही काठी घेतलीत आणि निघालात.

औषधाच्या दुकानातून परत आल्यावर स्टूल दाराशी दिसलं आणि आईला वाटलं, आपल्याच डोक्याचा भरवसा उरला नाही. आत्याने जे म्हटलं ते तिने स्वतःही मानलं. तुम्ही तिच्या शेजारी बसलात आणि म्हणालात, जाऊ दे वहिनी, माणूस आहे, विसरतो.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या दुपारी तुम्ही स्टूल पलंगापासून उचललंत तेव्हा बाबा झोपले होते की जागे होते? आणि तुम्हाला त्यांना मारायचं होतं, की तुम्ही फक्त फ्रेम लावत होतात? रोज याच्यावर विचार करते आणि दोन्हीतलं कमी वाईट कोणतं ते मला कळत नाही.

पोलिसांकडे नेण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. हा एक शॉट आहे. तुम्ही आत जाण्यापासून बाहेर येईपर्यंत, सगळा. तो मी सिनेमात ठेवणार आहे.

खारू


१८ मार्च

चि. खारू,

प्रवासाने अंग आंबलं आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

वहिनी काय म्हणाली ते मला नीट ऐकू आलं नाही. तिच्या तब्येतीकडे लक्ष दे. तुझ्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही, पुतणीने काकाला असे प्रश्न विचारू नयेत. मी तुम्हा दोघींसाठी काय केलं ते तू विसरलीस, मी मोजून दाखवणार नाही.

शॉटबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण तुझं नुकसान होईल. तो ठेवू नकोस. त्या दिवशी माझ्या अंगात पांढरा शर्ट होता. खोलीत बाकी सगळं मळकं आहे, त्यामुळे बघणाऱ्याचा डोळा माझ्याकडे ओढला जाणार. मागच्या हाताकडे कुणी बघणारच नाही. इतका चांगला हात वाया जाईल. मी नसलेला शॉट परत घे. स्टूल आता बरोबर आहे, त्याला कुणाला हात लावू देऊ नकोस.

काका


२५ मार्च

काका,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. शर्टाचं तिने दोनदा वाचायला लावलं.

मग म्हणाली, "तेवढं बरोबर सांगतोय. त्याच्याकडेच बघू दे सगळ्यांना. यांच्याकडे कुणी बघत बसावं असं मला तरी कुठे वाटतं?"

शॉट ठेवला आहे. आता या पत्त्यावर लिहू नका.

खारू